सांभाळून घे

ताईने माइकची उंची पुन्हा एकदा बदलली, तेव्हा तिच्या धाकट्या भावाने ड्रमचं कातडं आवळायला घेतलं. ते मघाशीच आवळून झालं होतं. पण हाताला काही काम असलं की ताईकडे बघावं लागत नव्हतं.

तालमीच्या खोलीत नव्या अल्बमचं पोस्टर होतं, जांभळ्या कोटातल्या ताईचं. ती यायच्या आत साउंडवाल्याने ते गुपचूप काढून ठेवलं होतं. भिंतीवर चिकटपट्टीचे तुकडे तेवढे राहिले होते आणि सगळ्यांचं लक्ष नेमकं तिकडेच जात होतं.

ताईची हळवी, गोड गाणी लोकांनी कित्येक वर्षं डोक्यावर घेतली होती. मग तिला फंक, म्हणजे ठेक्यावर नाचवणारं पाश्चात्त्य संगीत, करायची हुक्की आली. फंकमध्ये सगळा भार पहिल्या ठोक्यावर. तिथे सगळ्यांनी एकदम पडायचं, मग पुढे काय तो धुडगूस घालायचा. अल्बम आला आणि सपशेल आपटला. एका समीक्षकाने लिहिलं, गाडी सुटल्यावर ताई धावत फलाटावर येतात. कुणीतरी त्या गाण्यांवर मुद्दाम मागे राहून नाचल्याचा व्हिडिओ टाकला आणि तो घरोघरी फिरला. बाकीच्यांनी एवढे कष्टही घेतले नाहीत. वय झालं, म्हणाले. तेच ताईच्या मनाने घेतलं. तिने सगळ्यांना फोन करून सांगितलं, की आपलं सगळ्यात गाजलेलं जुनं गाणं तालमीत एकदा म्हणून बघते. तेही हातचं गेलं असेल तर पुढचे कार्यक्रम रद्द, आणि गाणंही बंद.

खरं काय ते भावाला माहीत होतं. वयाचा काही संबंध नव्हता. ताई पहिल्यापासूनच ठोक्याला उशिरा यायची, अगदी केसभर. लहानपणी ती गायची आणि हा पत्र्याच्या डब्यावर काड्या बडवायचा. तेव्हा आईने त्याला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ताईला सांभाळून घे." त्याने घेतलं. ठोक्याआधी हात किंचित अडवायचा, ती आली की मारायचा. पुढे बँड जमला, तेव्हा बास गिटार वाजवणाऱ्या काटकुळ्यानेही, ज्याला सगळे गमतीने पहिलवान म्हणायचे, कुणी न सांगता तेच उचललं. लोक म्हणायचे, ताईचं गाणं श्वास घेतं. नवशिके ती लकब उचलायला बघायचे, आणि ताई मुलाखतींत हसून सांगायची, शिकवता येत नाही हो ते, असतं एकेकाच्या गळ्यात.

फंकच्या रेकॉर्डिंगला सगळ्यांच्या कानांत मेट्रोनोमची, ठेका मोजणाऱ्या यंत्राची, टिकटिक दिली होती. ती कुणासाठी थांबत नाही. ताई मागे पडतेय, हे पहिल्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. तो बोलला नाही, कारण त्याला मजा येत होती. जन्मात पहिल्यांदा तो कुणाची वाट न बघता वाजवत होता. घरी जाताना गाडीच्या स्टेअरिंगवरसुद्धा बोटं नाचत होती. आता ते आठवलं की त्याला स्वतःचीच किळस यायची.

आज मात्र त्याने ठरवलं होतं, ताईला लागेल तेवढं थांबायचं. गाणं नीट झालं की ती वयाचं खूळ सोडेल, आणि इतकी वर्षं झाकलेलं झाकलेलंच राहील.

त्याने काड्यांवर चार मोजले आणि हात अडवला.

ताई ठोक्यावर आली. अगदी बरोबर ठोक्यावर. आणि त्याचा ठोका तिच्या मागून, चांगला ठळकपणे उशिरा, धाडकन पडला. पहिलवानही त्याच्याबरोबरच घसरला. दुसऱ्या ओळीलाही तेच झालं, हात सवयीने अडलाच. ताईने हात वर करून गाणं थांबवलं.

मान न वळवता ती सांगू लागली, की इतके दिवस ती घरी मेट्रोनोम लावून हे एकच गाणं घोटतेय. नव्या गाण्यांना हात लावायची हिंमतच झाली नाही. टिकटिक दर वेळी तिच्यापुढे निघून जायची; तिला वाटलं, यंत्र बिघडलंय. म्हणून दुसरं आणलं. तेही तसंच. मग ती वळली.

"छोट्या, तू थांबलास."

त्याची पन्नाशी उलटली तरी ती त्याला छोट्याच म्हणायची.

"माझ्यासाठी थांबलास ना?"

"हो."

"कधीपासून?"

"डब्यावर वाजवायचो तेव्हापासून." आणि मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "आईने सांगितलं होतं."

गेलेल्या आईवर ढकलून मोकळं झाल्याची त्याला आणखीच लाज वाटली.

ताईने पहिलवानकडे पाहिलं. तो सुरात असलेली तार पुन्हा सुरात लावत होता. काचेपलीकडे साउंडवाला बटणांत डोकं घालून बसला होता. तिला उत्तर मिळालं. तिचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. मुलाखतींत काय काय सांगत आले मी, असं ती पुटपुटली. ती चिडली असती, काही फेकून मारलं असतं, तर त्याला बरं वाटलं असतं.

"म्हणजे मी माझी एकटीने गायलेय ते त्या एकाच अल्बममध्ये," ती म्हणाली.

"तसं नाही, ताई."

"तसंच आहे. त्यातलं पहिलं गाणं घे. आणि आता थांबायचं नाही."

त्याने चार मोजले. पहिला ठोका पडला तिथे ताई नव्हती. ती मागून आली. त्याचा हात आपोआप अडायला बघत होता, पण त्याने तो अडू दिला नाही. पुढची ओळही उशिरा आली, त्यापुढचीही. ताई त्याच्याकडे पाठ करून गात होती. तिची टाच जमिनीवर ठेका धरू बघत होती, आणि तीसुद्धा किंचित मागेच पडत होती. तो त्या टाचेकडे बघत, तिच्यापुढे निघून जात वाजवत राहिला. तिने हात वर केला नाही.