वाकेल तोच पास

साहेब, मला तुम्ही दोन्ही हातांनी वाकवून बघितलंत आणि नापास केलंत. गाडीखाली मात्र एकदाही वाकून बघितलं नाहीत.

मित्रांनो, मी एका रुग्णवाहिकेच्या धुराच्या नळीतला जुना जोड आहे. इंजिन सतत थरथरतं, आणि पुढची नळी गाडीला घट्ट बांधलेली. मधे बसून ती थरथर पोटात घालायची, हे माझं काम. आमच्या इंजिनाला टर्बो होता. त्याचा धूर लोखंड लाल करील इतका तापलेला. म्हणून मला घडवताना बाहेर तारांची जाळी, मधे पातळ पत्र्याच्या घड्या आणि घड्यांना धग लागू नये म्हणून आत पोलादी पट्टीचं अस्तर दिलं. त्या अस्तरामुळे मी हाताला ताठ लागतो. इंजिन हललं की हवा तेवढा हलतो.

अकरा वर्षं मी ताईच्या गाडीखाली होतो. ताई चालक, शहरातली गल्लीन् गल्ली तिला पाठ. तिचा धाकटा भाऊ आमच्याच गॅरेजात मिस्त्री. तिने त्याचं नाव ठेवलं होतं नट्या. तो मला थोपटून म्हणायचा, "म्हातारा अजून दमला नाही बरं का, ताई!"

"तुझ्यासारखा कामचुकार थोडाच आहे तो, नट्या!"

शेवटी माझी कड झिजली. नट्याने मला सोडवलं आणि नमुना म्हणून सुट्या भागांच्या भांडारात साहेबांकडे नेलं. "साहेब, असाच द्या. आतलं अस्तर तेवढं बघून घ्या."

साहेबांनी कागद बघितला. त्यावर लिहिलं होतं, 'लवचिक जोड'. मला वाकवता वाकवता त्यांचं तोंड लाल झालं. मग त्यांनी बिनअस्तराचा एक उचलला. तो वेलासारखा वळला.

"हा बघ लवचिक. तुझी ही पहार आहे पहार!"

"साहेब, त्याला हातात नाही, इंजिनाखाली वाकायचंय. टर्बोची धग नाही सोसायची ह्या बिनअस्तराच्याला."

"कागदावर टर्बो कुठे लिहिलाय?"

लिहिला नव्हता.

बिनअस्तराचाच गाडीला बसला. तिसऱ्या महिन्यात त्याच्या घड्या जळून चिरल्या. धूर केबिनमध्ये शिरू लागला, ताईचं डोकं ठणकू लागलं. नट्याने तक्रार लिहिली. नवा जोड आला, तसाच, वाकवून पास केलेला. तोही चिरला.

"ताई, आज गाडी काढू नकोस."

"अरे, बाळंतीण अडली आहे तिकडे. काच खाली ठेवते की!"

वाटेत धुळीने डोळे भरले म्हणून तिने काच वर घेतली. बाळंतिणीच्या दारात गाडी थांबली. इंजिन चालू होतं. ताई उतरलीच नाही.

ती वाचली. आता नट्या तिला रोज विचारतो, "ताई, आपल्या घरून बाजाराला कुठल्या गल्लीने जायचं?"

ती अदबीने हसते. "तुम्हीच सांगा ना, दादा."

मित्रांनो, वस्तू जपा, असं मी इथे म्हणायला हवं. नट्याने मला अकरा वर्षं जपलं. काय उपयोग झाला?

मी भांडाराच्या फळीवर पडून आहे. काल तीच गाडी पुन्हा रस्त्यावर गेली. खाली तिसरा जोड, वाकवून पास झालेला. गाडीवर नवा चालक. धूळ उडाली की तोही काच वर घेईल.

साहेब, मला तोंडं दोन आहेत, पण आवाज नाही. तुम्हाला आहे. त्या नव्या चालकाला कोण सांगणार? बोला.