अकरा वाट्या खीर

क्षमानं चार वर्षांत नऊ माणसं खिरीतून मारली. सगळी रीतसर, संध्याकाळी साडेसात वाजता, मालिकेत. नंतर ती मेलेल्याच्या नाकाखाली बोट धरायची आणि कॅमेऱ्याकडं बघून मंद हसायची. त्या हसण्यावर तिनं मुंबईत भाड्याची खोली चालवली आणि एक दिवस कंटाळून आपल्या गावी, ईटला, परत आली. आता स्वतःची वेब सिरीज काढायची. विनोदी. निर्माती स्वतःच.

नटीला जेवण मिळतं, निर्मातीला जेवू घालावं लागतं, एवढा फरक तिला पहिल्याच दुपारी कळला.

सिरीजची नायिका म्हणजे शेजारच्या सुमनमावशी, वय अडुसष्ट. मोबाइलशी भांडणारी अशी म्हातारी अख्ख्या भूम तालुक्यात दुसरी नव्हती. पण मावशी साडेपाचच्या एसटीनं पुण्याला निघाल्या होत्या, सुनेच्या बाळंतपणाला. परत कधी येतील ते बाळालाच ठाऊक. म्हणजे आज शूटिंग संपलं तर सिरीज, नाहीतर क्षमानं पुन्हा मुंबईला जाऊन दहावा माणूस मारायचा.

भाकरी-आमटी गल्लीतल्या बायांनी करून दिली. पहिला दिवस म्हणून काहीतरी गोड पाहिजे, असं क्षमाच्या मनात आलं. गोड तिनं स्वतःच्या हातानं केलं. खीर केली.

समाजमंदिराच्या ओसरीत अकरा ताटं वाढली. खीर राहू द्या, भाकरीलासुद्धा कुणी हात लावेना. जो तो शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघायला लागला. कॅमेरा सांभाळणारा चुलतभाऊ प्रसेनजित म्हणाला, आज त्याला उपास आहे. त्यानं जन्मात उपास धरला नव्हता. कशाचा, असं विचारल्यावर म्हणाला, "असाच, ताई."

क्षमाला आधी राग आला, मग घाम. उपाशी माणसं आता घरी जेवायला जाणार, आणि घरी जेवलेला माणूस चारच्या आत उठत नाही.

तिनं चमचा घेतला आणि एकेकाच्या वाटीतली खीर स्वतः खाऊन दाखवली. आठव्या वाटीपर्यंत लोकांचे चेहरे जरा सैल पडले. नवव्या वाटीला तिला उचकी लागली.

मालिकेत आधी उचकी यायची, मग जाहिराती, मग माणूस जायचा.

दोघं उठून चपला शोधायला लागले. क्षमा पाणी प्यायली, तिनं श्वास कोंडला, उचकी काही थांबेना. खिरीत खरंच काही पडलं असेल का, अशी शंका आता तिलाही यायला लागली.

तेवढ्यात सुमनमावशींनी वाटी ओढली. "तूच मरायलीस तर आमी मागं राहून काय करावं," म्हणाल्या आणि खीर प्यायल्या. वर अजून एक वाटी मागितली. मग लाजेकाजेस्तव सगळेच जेवले. प्रसेनजितनं उपास दोनदा सोडला.

हात धुऊन क्षमा परतली, तर मावशी ओसरीत आडव्या. डोळे मिटलेले, तोंड अर्धं उघडं. दोन हाका मारल्या, काही हललं नाही. बाकीची माणसं एकेक पाऊल मागं सरकली.

क्षमाचं बोट आपोआप मावशींच्या नाकाखाली गेलं. नऊ वेळा धरलं होतं, आणि नऊही वेळा नटांनी चोख श्वास कोंडला होता. बराच वेळ काहीच नाही. मग कोमट वारा लागला, वेलदोड्याच्या वासाचा. तिला रडू फुटलं, त्यात मध्येच उचकी. बोट मात्र काढवेना.

मावशींनी डोळे न उघडता विचारलं, "किती वाजले गं?"

"दोन."

"मग बोट काढ. शिंक यायली."