बारावा दगड

गवंड्याने अकरावा दगड बसवला, थापीच्या मुठीने त्यावर दोन टोले दिले आणि कान देऊन आवाज ऐकला. आवाज भरीव आला. मग तो स्वतः दगडावर चढला, टाच दाबून पाहिली आणि समाधानाने खाली उतरला. त्याच्या हातचा दगड हलत नाही असं गावात बोललं जाई, आणि सगळ्यांत जास्त वेळा ते तोच बोलत असे.

लढाईत गेलेल्या गावच्या बारा जणांचं स्मारक चौकात उभं राहत होतं. नावांची शिळा ज्या चौथऱ्यावर बसणार, त्यासाठी प्रत्येकाच्या घरून एक दगड यायचा असं गावाने ठरवलं होतं. खाणीतला नको, घरातला, रोजच्या वापरातला. कल्पना निवृत्त हेडमास्तरांची. ती ऐकताना सभेत सगळ्यांचे डोळे भरून आले. निस्तरायची मात्र एकट्या गवंड्याला होती. मोच्याने कातडं कुटायचा दगड दिला, बेकरीवाल्याने भट्टीतला काळाठिक्कर. शिंप्याने तर कापड उडू नये म्हणून ठेवायचा तळहाताएवढा गोटा आणला, आणि त्यालाही पुढच्या बाजूलाच जागा हवी होती.

वाटण्या झालेल्या भावांसारखे आहेत हे, एकाची कड दुसऱ्याला लागू द्यायला तयार नाही, असं गवंडी दिवसभर करवादत होता. तरी त्याने अकरांना एकत्र नांदवलं होतं. पुढच्या बाजूला, शिंप्याच्या गोट्याखाली, बाराव्याची जागा तेवढी रिकामी होती.

बारावं घर सुईणीचं. गावातल्या निम्म्याहून अधिक माणसांनी जगात आल्यावर पहिलं तोंड पाहिलं ते तिचं, त्यामुळे लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणत. तिचा एकुलता एक मुलगा सात वर्षांपूर्वी लढाईवर गेला होता. बाकीच्या घरी आलेल्या पत्रांत 'कामी आले' असं होतं, तिच्या पत्रात 'बेपत्ता'. गाव समजायचं ते समजलं. मावशी मात्र पत्रात लिहिलं होतं तेवढंच समजली. दगड मागायला आलेल्या हेडमास्तरांना तिने चहा दिला, त्यांच्या सुनेला कितवा महिना ते विचारलं, आणि माझं कोणी गेलेलं नाही, मग दगड कशाचा, असं म्हणून त्यांना दारापर्यंत पोहोचवलं. दगड नाही तर नाव नाही, हा नियम हेडमास्तरांनीच केलेला. शिळेवर अकरा नावं कोरून झाली आणि खाली एका नावापुरती जागा राहिली.

गवंडी यात पडला नाही. त्याचा मुलगा आणि मावशीचा मुलगा एकाच तुकडीत होते. गवंड्याचा परत आला, एक पाय लंगडत, पण आला. तेव्हापासून मावशीचं घर लागलं की गवंडी चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकायचा.

खरं तर त्या घराशी त्याचं जुनं भांडण होतं. मावशीच्या दारातली दगडी पायरी हलायची. कोणी पाय ठेवला की खट् असा आवाज व्हायचा. गावात आपण असताना एक पायरी अशी नाकावर टिच्चून हलते, हे गवंड्याला वीस वर्षं सलत होतं. कितीदा तरी तो फुकट बसवून द्यायला निघाला, पण मावशी हात लावू देत नसे. बाळंतिणीचा निरोप घेऊन कोणी धावत आलं, तर हाक मारायच्या आत तिला पायरीवरून कळायचं. मुलगा तर लहानपणापासून दोन्ही पायांनी पायरीवर उडी मारायचा. खट्-खट् वाजलं की ती आतूनच म्हणायची, आले राजे.

गुरुवारी सकाळी मावशी एका घरचं बाळंतपण उरकून चौकातून चालली होती. ती थांबली. रिकाम्या जागेत रात्रीच्या पावसाचं पाणी साचलं होतं. तिने वाकून त्यात बोट घातलं, मग वरचा शिंप्याचा गोटा चाचपला.

"इथून पाणी मुरत राहिलं तर काय होईल रे?"

गवंडी खोटं बोलू शकला असता. पण कामाबद्दल खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"दोन-तीन पावसाळे काढेल. मग आजूबाजूचे ढिले पडतील."

"सगळे?"

"हळूहळू सगळेच, मावशी."

ती अकरा दगडांकडे बघत राहिली. त्यांतल्या नऊ घरांतली पोरं तिच्या हातांत पहिल्यांदा रडली होती. शिंप्याचं तर पायाळू, रडायलाच तयार नव्हतं. ती घामाघूम झाली होती.

"माझ्यापायी त्यांचे दगड ढिले नकोत," ती म्हणाली. "माझी पायरी घेऊन जा. नाव मात्र कोरायचं नाही."

हेडमास्तर पेचात पडले. त्यांच्या नियमात दगडाशिवाय नाव बसत नव्हतं. नावाशिवाय दगड आला तर काय करायचं, याबद्दल नियम काहीच सांगत नव्हता. शेवटी त्यांनी शिळेवरची जागा तशीच ठेवायला सांगितली आणि बराच वेळ चष्मा पुसला.

शुक्रवारी गवंडी मुलाला घेऊन मावशीच्या दारी गेला. पहारीने पायरी उचलली, तेव्हा खाली बोराएवढा एक खडा निघाला. एवढ्याशा खड्याने वीस वर्षं त्याची झोप उडवली होती. तो फेकायला त्याने हात उचलला.

मावशी दारात उभी होती. निघालेल्या पायरीच्या ओल्या खड्ड्याकडे बघत ती म्हणाली,

"आता तो आला तर मला कळायचं कसं?"

गवंड्याच्या मुलाने मान खाली घातली. गवंड्याने खडा खिशात टाकला आणि उद्या नवी पायरी बसवून देतो म्हणाला.

बारावा दगड त्याने त्याच दिवशी चौथऱ्यात बसवला, चारी बाजूंनी दगडाच्या चिपा ठोकून. शनिवारी मावशी हेडमास्तरांच्या सुनेकडे अडकली होती, तेव्हा बापलेकांनी तिच्या दारात नवी पायरी बसवली. एका पायरीला अख्खी दुपार कशी लागली, असं गवंड्याच्या बायकोने विचारलं. वय झालं आता, म्हणून त्याने वेळ मारून नेली.

रविवारी सगळा गाव चौकात जमला. हेडमास्तरांनी अकरा नावं वाचली, मग शिळेवरच्या बाराव्या, रिकाम्या जागेला नमस्कार केला. लोक पांगल्यावर मावशीने चौथऱ्यातल्या आपल्या पायरीवर एक पाय ठेवून पाहिला. पायरी हलली नाही. तिने मान हलवली आणि घराकडे निघाली. आता नातवाचे आजोबा झालेले हेडमास्तर तिला सोडायला बरोबर गेले.

दारात तेच पुढे होते. त्यांनी पाय ठेवला आणि खट् असा आवाज झाला. ते गडबडून मागे सरले, पुन्हा पाय ठेवला, पुन्हा खट्.

"गवंडी म्हातारा झाला बरं का, मावशी. कालची पायरी, आणि आज हलतेय. उद्याच त्याला पाठवून नीट करून घेतो."

मावशीने त्यांना बाजूला केलं. नव्या पायरीवर ती एकदा उजव्या पायाने उभी राहिली, एकदा डाव्या. आवाज तोच होता.

"कोणाला पाठवू नका," ती म्हणाली. "नीटच बसवलीय त्याने."

मग ती आत गेली आणि दाराकडे कान येईल अशा आपल्या नेहमीच्या जागी बसली.