एक डी चार अधिक वीस

"ह्ये मधलं अक्षर कशाचं?" नामाजीनं विचारलं.

बाजेवर बसलेल्या संतोषनं रजिस्टर आपल्याकडं ओढून घेतलं. सेनगावापलीकडच्या तांड्यावरचं हे पोरगं पुण्याच्या कॉलेजात नामाजीच्या पोराच्या, शिवहारच्या खोलीत राहायचं. शिवहारला जाऊन दीड महिना झाला होता आणि त्याची पेटी घेऊन संतोष आज सकाळच्या जीपनं गोरेगावात उतरला होता. पेटीत कपडे होते, पुस्तकं होती आणि हे लांब पुठ्ठ्याचं रजिस्टर. ते बघताच नामाजीचा चेहरा उतरला होता.

त्याच रजिस्टरावरून दिवाळीत बापलेकांचं बिनसलं होतं. सोयाबीन निघाल्यावर नामाजीची मेंढरं खतासाठी व्यंकटरावांच्या रानात बसली होती. व्यंकटराव घरी आले, तेव्हा बाजेवर पडलेलं रजिस्टर त्यांनी सहज चाळलं. पान-पान भरून आकडे. "नामाजी, पोरगं पुण्यात मटका लावून राहिलं की काय?" एवढंच ते म्हणाले.

नामाजी चौथीपर्यंत शिकलेला. इंग्रजी अक्षर येत नव्हतं, आकडे तेवढे कळले. त्यानं पोराला विचारलं.

"आबा, खेळ हाय त्यो. फाशांचा," शिवहार म्हणाला.

"फाशांनीच घरं बसत्यात. ही वही घेऊन माझ्या दारात पुन्हा पाय ठेवायचा न्हाई."

शिवहारनं वाद घातला नाही. तो कधीच घालत नसे. दुसऱ्या दिवशी आईनं, पंचफुलाबाईनं बांधून दिलेलं फराळाचं गाठोडं घेऊन तो जीपमध्ये बसला. पौषात एसटीडी बूथवर निरोप आला, की कावीळ झालीय, तब्येत जास्त हाय. नवरा-बायको पुण्याला पोचले तेव्हा उशीर झाला होता.

"मामा, हे आकडे लावायचे न्हाईत," संतोष म्हणाला. "डी म्हंजे फासा. त्याच्या आधीचा आकडा फासे किती टाकायचे ते सांगतो आन नंतरचा आकडा एकेका फाशाला बाजू किती ते. हे बघा, तीन डी सहा. सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे आन पडल त्याची बेरीज करायची."

नामाजीनं बोटांची पेरं मोजली. "तिन्हीवर एकेक पडला तर तीन. सगळे सहा पडले तर अठरा."

"बराबर."

"आन डाव कशाचा लावायचा?"

"कशाचाच न्हाई. आमी पाच जणं बसायचो. कुणी सैनिक व्हायचं, कुणी वैद्य. शिवहार गोष्ट सांगायचा. वाटंत नदी लागली, पूर आला, आता पल्याड जमल का न्हाई, ते फाशावर. पुढं काय झालं ते पुन्हा त्यानंच सांगायचं. चार बाजूंचे, वीस बाजूंचे फासे आमाला कुठं मिळणार? चिठ्ठ्या करून गिलासात टाकायचो."

"शिवहार गोष्ट सांगायचा?"

"जेवायची घंटा झाली तरी पोरं उठायची न्हाईत, मामा."

घरात त्या पोराच्या तोंडून दिवसाकाठी चार शब्द निघायचे. पाचवा निघावा म्हणून आपण कधी थांबलो होतो का, हे त्याला आठवेना.

संतोषनं शेवटचं लिहिलेलं पान काढलं. कोपऱ्यात तारीख होती, दिवाळीनंतर आठ दिवसांची. "हे दाखवायलाच आलो. ह्या गोष्टीत डोंगरात एक म्हातारा मेंढपाळ भेटतो. त्याचं नाव नामा."

नामाजीनं मान वर केली नाही.

"सैनिकांची हिंमत तीन डी सहा. लई झाली तर अठरा. ह्या नामाची लिहिलीय एक डी चार अधिक वीस. म्हंजे चार बाजूंचा एकच फासा टाकायचा आन त्यात वीस मिळवायचे."

"कमीत कमी एकवीस," नामाजी हळू आवाजात म्हणाला. "मग ह्याला हरवणार कोण?"

"कुणीच न्हाई. त्यावरून आमी भांडलो बी. असा माणूस काहून ठेवला म्हणून. तर म्हणला, ह्याचं नशिबावर काही ठेवलंच न्हाई म्हणलं तरी चालतंय. उन्हापावसात हा उभाच राहतो. मी बघितलाय."

नामाजीनं ज्यासाठी दीड महिना तोंड उघडलं नव्हतं ते विचारलं. "दुखणं आमाला काहून कळवलं न्हाई?"

"मी दोनदा म्हणलो, घरी फोन करतो. नको म्हणला."

"माझ्यावर राग व्हता?"

"राग न्हवता. म्हणला, आबा मेंढरं टाकून पळत येतील. दोन दिवसांत बरं वाटल." संतोषनं खाली बघितलं. "मीच ऐकायला नको व्हतं."

नामाजीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. आतून पंचफुलाबाईचा हुंदका आला. ती दाराआड बसून सगळं ऐकत होती.

"मग पुढं काय व्हतं?" थोड्या वेळानं नामाजीनं विचारलं. "त्या मेंढपाळाचं?"

"ते फक्त शिवहारला ठावूक व्हतं, मामा. त्यानं लिहिलेलं न्हाई."

दुपारच्या जीपला संतोष गेला. दुसऱ्या दिवशी व्यंकटराव बांधावरून चालले होते, तर नामाजीनं हाक मारून त्यांना थांबवलं. मेंढरं रानात पांगली होती. नामाजी खाली बसला, काठीच्या टोकानं मातीत आकडे काढले, मधलं अक्षर संतोषनं दाखवलं होतं तसं बेतानं गिरवलं.

"राव, ह्यो फासा," तो म्हणाला. "आधीचा आकडा म्हंजे फासे किती, नंतरचा म्हंजे बाजू किती. ह्यात पैसा नसतोय."

व्यंकटराव उभ्यानंच बघत होते. "समजलं, नामाजी," ते म्हणाले. "माझंच चुकलं."

"न्हाई, तुमी बसा जरा," नामाजी म्हणाला आणि शिवहारची ती मेंढपाळाची गोष्ट पहिल्यापासून सांगू लागला.