गायकाला पाणी पिऊ द्या

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. टीव्हीचा रिमोट नव्हे. गाणी वाजवणारे डीजे ज्यावर दोन्ही हात ठेवून उभे असतात, ती रुंद काळी पाटी म्हणजे मी. माझ्या अंगावर दोन गोल तबकड्या आहेत, मधे स्लायडर आहेत आणि प्रत्येक तबकडीखाली चार बटणे आहेत. एका कोपऱ्याला पोचा आहे, तो जिन्यावर पडलो तेव्हाचा.

गाणी माझ्यात नसतात, ती लॅपटॉपमध्ये असतात. तिथले सॉफ्टवेअर अख्खे गाणे उसवते. शिवलेला शर्ट उसवून बाह्या, कॉलर, खिसा वेगळा काढावा, तसे गाण्याचे चार भाग होतात: गाणाऱ्याचा आवाज, ठेका, बेस आणि बाकीची वाद्ये. माझी चार बटणे या चार भागांची. एक दाबले की तो भाग गप्प. पुन्हा दाबले की हजर.

कारखान्यात मी पट्ट्यावरून सरकत आलो, तेव्हा एका बाईने माझे प्रत्येक बटण दाबून पाहिले आणि मान डोलावली. ते माझे पहिले कौतुक. माझ्या पहिल्या मालकाला मोठे नाव कमवायचे होते. त्याने माझ्यावर सरबत सांडले आणि पुढे त्याचा नादच सुटला. मी जुन्या सामानाच्या दुकानात येऊन पडलो.

तिथे मला बाई भेटल्या. त्या पडदे शिवायच्या. त्यांनी माझा अडकलेला स्लायडर पुढेमागे करून पाहिला.

"चिकटलाय," त्या म्हणाल्या. "आमची मशीनसुद्धा अशीच रुसते. साफ केली की धावते."

दवाखान्याच्या मागे एक हॉल होता. दर रविवारी संध्याकाळी बाई तिथे गाणी लावायच्या. आठवडाभर उभे राहून काम करणारी माणसे तिथे नाचायला येत. नर्स, बसचालक, आचारी, शाळेतल्या शिक्षिका. बाईंचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना लिफ्टवाले म्हणत. ते मला पिशवीतून आणायचे, वायरी जोडायचे आणि दाराजवळ खुर्ची टाकून बसायचे. नाचायला कुणी ओढले तर म्हणायचे, "मी गेलो तर प्लग कोण सांभाळणार?"

बाईंची एक सवय होती. शेवटचे गाणे रंगात आले की त्या माझे गाणाऱ्याच्या आवाजाचे बटण दाबायच्या. गाणारा गप्प व्हायचा, ठेका चालू राहायचा. बाई माइकवर म्हणायच्या, "गायकाला जरा पाणी पिऊ द्या. तोवर तुम्ही धरा." मग सारा हॉल गायचा, कुणी सुरात, कुणी कसाही. शेवटच्या ओळीला बाई गायकाला परत आणायच्या. दाबून दाबून त्या बटणावरचे चित्र पुसून गेले.

मग बाई आजारी पडल्या आणि गेल्या.

मित्रांनो, त्यांचा आवाज माझ्यात कुठेतरी साठवलेला असेल असे तुम्हाला वाटेल. तसे काही नाही. त्या गात नव्हत्या, आणि त्यांचे बोलणे कुणी टिपून ठेवले नव्हते. मी कपाटावर गेलो. माझ्यावर चादर आली आणि चादरीवर जुन्या उशा.

एके दिवशी हॉलमध्ये येणारी नर्स घरी आली. ती म्हणाली, "मोबाईलवर गाणी लावून पाहिली. माणसं येतात, मोबाईलकडे बघत बसतात आणि घरी जातात. हॉलचे व्यवस्थापक म्हणालेत, येत्या रविवारी जमलं तर ठीक, नाहीतर हॉल कॅरमवाल्यांना देणार."

लिफ्टवाल्यांनी कपाटावरच्या उशांकडे पाहिले. मग म्हणाले, "मी वाजवतो."

बाईंची धाकटी बहीण चहा गाळत होती. ती थांबली. "भावोजी, तुम्ही? दारावरची बेल कुठल्या सुरात वाजते ते तरी कळतं का तुम्हाला?"

"वाजली एवढं कळतं. दार उघडायला तेवढं पुरतं."

त्यांनी मला खाली काढले. लिफ्टचे स्विच साफ करायच्या मऊ ब्रशने माझ्या फटीफटीतली धूळ काढली. जेवणाच्या टेबलावर आमचा सराव सुरू झाला. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना दोन्ही ठेके जुळावे लागतात. पहिल्या दिवशी ते असे वाजले, जणू दोन माणसे जिन्यावरून एकमेकांना ढकलत उतरत आहेत. शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली.

"लिफ्ट मजल्याशी लागल्याशिवाय दार उघडायचं नाही," लिफ्टवाले स्वतःला बजावायचे. "नाहीतर माणूस ठेचकाळतो." ते तबकडी बोटाने जरा पुढे, जरा मागे करायचे, पुन्हा करायचे. कामावरून आले की हातपाय धुऊन आधी माझ्याकडे. हळूहळू दोन गाणी एका पातळीत लागू लागली.

फक्त ते पुसट बटण त्यांनी कधी दाबले नाही. बोट तिथवर जायचे आणि मागे यायचे.

रविवार आला. व्यवस्थापक किल्ल्या हातात खेळवत दाराशी उभे होते. पहिल्या गाण्याला लोक भिंतीला टेकून राहिले. दुसऱ्याला बसचालकाने पाय हलवला. लिफ्टवाल्यांनी मान वर केली नाही. ते एकेक गाणे मजल्याशी लावत गेले आणि माणसे एकेक करून मधे आली. पण हॉलमध्ये नुसता नाच होता, बोलणे नव्हते. सगळ्यांना शेवटच्या गाण्याची धास्ती होती. लिफ्टवाल्यांनाही आणि मलाही.

शेवटचे गाणे बिघडू नये म्हणून लिफ्टवाल्यांनी एक युक्ती केली. लिफ्ट कधी एका दोरावर सोडत नाहीत. म्हणून त्यांनी तेच गाणे दोन्ही तबकड्यांवर लावले. डावे हॉलला ऐकू जाणारे. उजवे नुसते तयारीत, फक्त त्यांच्या हेडफोनमध्ये. डावे अडले तर उजवे धरेल. आणि गाणे रंगात आले, तेव्हा स्लायडरकडे हात नेताना त्यांच्या बाहीची कडा डाव्या बाजूच्या त्या बटणावर घासली.

बटणाचा दिवा विझला. हॉलमधला गाणारा गप्प झाला. लिफ्टवाल्यांच्या कानात मात्र उजवे गाणे चालू होते, गाणाऱ्यासकट. त्यांना काही कळले नाही. मला तोंड नाही, मित्रांनो. मी काय करणार?

एक क्षण नुसता ठेका वाजला. मग नर्सने ओळ उचलली. आचाऱ्याने धरली. मग सगळ्यांनी. लिफ्टवाल्यांनी वर पाहिले, तोंडे हलताना दिसली. गाण्याबरोबर गुणगुणताहेत असे वाटून त्यांनी पुन्हा मान खाली घातली. तेव्हा मेहुणी पुढे आली आणि तिने त्यांचा एक कान मोकळा केला.

"भावोजी, ऐका."

त्यांनी ऐकले. घाईने बोट बटणाकडे गेले आणि तिथेच थांबले. या वेळी ते मागे आले नाही. बटणावर टेकून राहिले. लोक गात होते. शेवटची ओळ आली. लिफ्टवाल्यांनी मजला बरोबर लागू दिला आणि बटण दाबले. गाणारा परतला. एकही माणूस ठेचकाळला नाही.

गाणे संपल्यावर त्यांनी माइक तोंडाशी धरला. "पाणी प्यायला गेला होता," ते म्हणाले. "आलाय."

लोक हसले. काहींनी डोळे पुसले. व्यवस्थापकांनी किल्ल्या खिशात टाकल्या आणि विचारले, "पुढच्या रविवारी हॉल किती वाजता उघडून ठेवू?"

तेव्हापासून मी पुन्हा कामाला लागलो आहे. मित्रांनो, तुमच्या घरी कुणाची तरी वस्तू कपाटावर असेल, तर ती खाली काढा. कोरड्या फडक्याने पुसा, वर उशा रचू नका आणि चालवा. चुकेल. चुकू द्या. माझ्या त्या बटणावरचे चित्र बाईंच्या बोटाने गेले होते. आता खालचा काळा रंगही उडू लागला आहे. मेहुणी म्हणाली, त्यावर टिकली चिकटवून देऊ का? लिफ्टवाले म्हणाले, "राहू दे. झिजू दे."