दोनदा वाजलेला दीड

“दोन्ही मेसेज एकदमच आलेत गं,” दादा फोनवर म्हणाला. “पहिल्यात लिहिलंय, आईसाठी खाट मिळालीय, पुढच्या फेरीच्या आत होकार कळवा. दुसऱ्यात लिहिलंय, होकार आला नाही म्हणून नाव काढलं. दोन्हींवर वेळ रात्री दीडची. मी काय झोपेत होकार द्यायचा होता?”

“थांब, बघते.”

“तुझंच मशीन ना ते?”

तिचंच होतं. शहरातल्या शुश्रूषागृहांतली खाट कुणाला कधी मिळणार, ती रांग एका डेटाबेसमध्ये होती आणि तो सांभाळायचं काम तिचं होतं, म्हणून ऑफिसात सगळे तिला रांगवाली म्हणत. तिची स्वतःची आई त्याच रांगेत तीन वर्षं होती. आईला उचलणं, धुणं, भरवणं सगळं दादा करायचा. त्यापायी त्याची नोकरी गेली आणि आता कंबरही गेली होती. मागच्याच आठवड्यात तो म्हणाला होता, “आता एक तर ती तिकडे जाईल, नाहीतर मी.” म्हणताना तो हसला नव्हता.

रविवार असूनही ती धावतपळत ऑफिसात आली आणि मशीनने रात्रभर काय काय केलं ते उघडून बसली. समजायला फार वेळ लागला नाही. 

रोज रात्री दीडला ते काम आपोआप चालायचं. आधीच्या फेरीत ज्यांना खाट देऊ केली आणि ज्यांचं उत्तर आलं नाही, त्यांना वगळायचं आणि ती खाट पुढच्यांना देऊ करायची. उन्हाळ्यापर्यंत ते रात्री अकराला चाले. अकराला मशीनवर फार ताण येतो म्हणून तिनेच ते दीडवर नेलं. आणि साहेबांचा हट्ट, की सगळं आपल्या घड्याळाप्रमाणे दिसायला हवं. म्हणून कधीच न हलणाऱ्या जागतिक वेळेऐवजी तिने इथली स्थानिक वेळ लावली. हिवाळा आला की या देशात घड्याळं एक तास मागे घेतात, हे काय तिला माहीत नव्हतं? काल झोपण्याआधी स्टुलावर चढून स्वयंपाकघरातलं घड्याळ तिने स्वतः मागे केलं होतं. रात्री दोनचा परत एक झाला, दीड दोनदा वाजला आणि मशीनने मुकाट्याने दोन्ही वेळा काम केलं. पहिल्या दीडला सात घरांना खाटा देऊ केल्या, दुसऱ्या दीडला उत्तर नाही म्हणून त्याच सात घरांना हाकललं आणि खाटा रांगेत त्यांच्या मागच्या सात घरांना देऊ केल्या. लोकांची झोपमोड नको म्हणून मेसेज तेवढे सकाळी आठला पाठवले. केवढी ती माणुसकी!

साहेब आले तोवर त्या मागच्या सात घरांपैकी सहांचे होकार येऊन पडले होते.

“त्यांच्याकडून खाटा आता परत कशा घ्यायच्या?” साहेब खुर्चीत बसले. “एका बाईने तर वडिलांची बॅगसुद्धा भरलीय.”

“मग पहिल्या सात जणांनी काय करायचं?”

“त्यांचे नंबर त्यांना परत दे. खाट रिकामी होईल तशी देऊ.”

खाट कशी रिकामी होते ते दोघांनाही ठाऊक होतं. तिने नंबर परत लावले. तेवढ्यात मागच्या सातांपैकी उरलेल्या सातव्या घरून उत्तर आलं, की आजोबा गुरुवारीच गेले. म्हणजे एक खाट उरली होती.

“पहिल्या नंबरला फोन लाव,” साहेब म्हणाले. “तीनदा लावायचा. नाहीच उचलला तर दुसरा नंबर.” मग पडद्याकडे पाहून त्यांचा आवाज खाली आला. “दुसरा कोण आहे ते दिसतंय मला. मी जरा चहा घेऊन येतो.”

पहिला नंबर एका म्हाताऱ्या सुताराचा होता. अंथरुणाला खिळलेल्या बायकोचं सगळं तो एकटाच बघायचा. तिने फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. म्हाताऱ्याने फोन उचलू नये असं तिला मनापासून वाटत होतं, आणि असं वाटतंय याची लाज वाटायलाही तिच्यात त्राण नव्हतं. तिसऱ्यांदा घंटा वाजू लागली. किती वेळ वाजू द्यायची, ते नियमात कुठेच नव्हतं. तिचं बोट लाल बटणावर टेकलं होतं. नुसतं दाबायचं होतं. दादाची कंबर, आईची पाठ, सगळं डोळ्यांपुढे आलं, आणि तरी तिच्याने ते दाबवेना. देवा, आपोआप बंद होऊ दे, असं म्हणत ती ऐकत राहिली.

“हॅलो?” म्हाताऱ्याला धाप लागली होती. “माफ करा हं, ही खाली पडली होती. उचलत होतो. हात मोकळे नव्हते.”

“तुमच्या मिसेससाठी खाट आहे. होकार हवाय.”

“अहो, पण सकाळी तर नाव काढलं म्हणालात.”

“चुकलं आमचं. तुम्ही फक्त हो म्हणा.”

 म्हातारा “हो, हो, हो” म्हणतच राहिला. बोलता बोलता तो रडायला लागला, तेव्हा तिने हळूच फोन ठेवला.

तिने मशीनचं ते रात्रीचं काम न हलणाऱ्या जागतिक वेळेवर टाकलं आणि दादाला फोन लावला.

“दादा, एकच खाट होती रे. आपल्या आधी एकजण होते.”

 दादाच्या मागे आई त्याला हाका मारत होती.

“बरं,” तो म्हणाला. “येताना रबरी हातमोजे आण. संपलेत.”