पुढच्या माणसाची लाकडं

बेचाळीस वर्षं होडी वल्हवून लॉर्न दोनच गोष्टी पक्क्या शिकला होता: ओल्या मोज्यांत झोपायचं नाही, आणि आर्डिथच्या हातात करवत असताना तिच्याशी वाद घालायचा नाही. ऑक्टोबरातल्या त्या सकाळी मोजे कोरडे होते, म्हणून त्याने वाद घातला.

"पुढचा माणूस म्हणे! बर्फ तोंडावर आलंय. आता मे महिन्यापर्यंत इथे कुत्रं फिरकायचं नाही."

"काल कोणाच्या लाकडांवर लापशी शिजली?" बायकोने मान वर न करता विचारलं.

"कोण जाणे."

"त्याच 'कोण जाणे'चे आभार मानतेय. तू तंबू गुंडाळ."

उत्तरेकडच्या तळ्यांवरची ही जुनी रीत. मुक्काम हलवताना येणाऱ्या अनोळखी माणसासाठी स्प्रूसच्या झाडाखाली सुकी लाकडं रचायची, वर चटकन पेटणारी भूर्जाची साल ठेवायची. लॉर्नला रीत मान्य होती. आज तळं मान्य नव्हतं. पाणी परातीतल्या तेलासारखं पडून होतं. एक पाखरू बोलत नव्हतं. वायव्येला आभाळाची कड काळी पडत चालली होती.

लाकडांत अर्धा तास गेला. टोमण्यांच्या भरात करवत फांदीलाच लटकत राहिली आणि ते होडीत बसून निघाले.

वाऱ्याने त्यांना खडकाळ टोकाच्या पलीकडे गाठलं. पहिली लाट होडीत आली, दुसरी होडीच घेऊन गेली. तंबू, शिधा, सगळं पोटात घालून ती पालथी तरंगत निघाली, मागे वळूनही न बघता. दोघं कसेबसे सकाळच्याच किनाऱ्याला लागले.

"तुझ्या त्या अर्ध्या तासापायी..." लॉर्नचे दात वाजत होते.

"नंतर भांड. आधी आपल्या राशीवरची साल काढ."

तिच्या गळ्यातल्या घट्ट झाकणाच्या डबीत आगपेटीच्या चार काड्या होत्या. बोटं बधिर. पहिली तुटली, दुसरी ओल्या शेवाळात पडली, तिसरी वाऱ्याने खाल्ली. चौथी आर्डिथने दातांत धरली आणि लॉर्नने दोन्ही तळव्यांत डबी दाबून तिची खरखरीत बाजू काडीच्या टोकावर घासली. आर्डिथची भुवई करपली, पण साल पेटली.

दुपारी कपड्यांतून वाफा निघाल्या. बर्फ भुरभुरू लागलं. तळ्यांच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या गाडीपाशी ते गुरुवारी पोहोचायचे होते, आज सोमवार. तोवर त्यांची आठवण कोणाला येणार नव्हती. सकाळी रचलेली लाकडांची रास निम्म्यावर आली होती.

लॉर्न उठला, फांदीवरची करवत काढली आणि कापू लागला. एक ढीग आगीजवळ, एक स्प्रूसखाली.

"हा दुसरा कोणासाठी?"

"शोधायला येतील त्यांच्यासाठी. गारठलेले असतील बिचारे."

आर्डिथने तळ्याकडे पाहिलं. पलीकडचा किनारा दिसेनासा झाला होता.

"वर साल ठेव," ती म्हणाली. "आणि ती कोरडी बघून घे."